सुके बोंबील पावसाळ्यात का बिघडतात, आणि व्यापारी भाव का पाडतो

पालघर जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अकरा जणींचा बचत गट आहे, बोंबील आणि जवळा सुकवतात. व्यापारी खळ्यावर, म्हणजे मासळी सुकवायच्या जागेवर येऊन सगळ्या मालाला एकच दर लावतो, वर गोणीमागे कटती घेतो, म्हणजे वजनातून काही कापून धरतो. म्हणून यंदा २०० ग्रॅमची पाकिटं करून पुण्याला विकली. मे महिन्यात माल छान गेला, पण जुलैत तक्रारी सुरू झाल्या. काही पाकिटांत बुरशी, काहींत किडे. आता हातात थोडे पैसे आहेत, तर सोलर ड्रायर घ्यावा की व्हॅक्यूम मशीन?

ताई, माझ्या मते आत्ता दोन्ही घेऊ नका. बुरशी आणि किडे हे दोन वेगळे रोग आहेत, आणि दोन्हींचं मूळ पाकिटात नाही. बुरशी आली याचा अर्थ माल भरताना पुरेसा सुकलेला नव्हता, किंवा सुकल्यानंतर साठवणीत त्याने पुन्हा ओल धरली. किडे आले याचा अर्थ पाकीट बंद होण्याआधीच मालात अंडी किंवा भुंगे होते. व्हॅक्यूम मशीन हवा काढतं, पाणी काढत नाही. ओलसर बोंबील व्हॅक्यूममध्ये घातले की बुरशी थोडी लांबते एवढंच, आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना मात्र मोकळं रान मिळतं. शिवाय बोंबलाचे दात आणि पर टोकदार असतात. पाकीट आवळलं की त्याला भोकं पडतात आणि हवा आत येते ती येतेच.

व्यापाऱ्याच्या एकाच दराचं उत्तरही याच गोष्टीत आहे. तुमच्या ढिगात कडक, अर्धवट सुकलेला, मोठा, बारीक, पांढरा, पिवळसर असा सगळा माल एकत्र असेल, तर तो सगळ्यात हलक्या मालाचा अंदाज धरूनच दर बोलणार. पुढे त्याच्या गोदामात माल वाळून वजन घटणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून कटती. तुम्ही त्याची उचल घेतली असेल तर गोष्ट आणखी अवघड, त्याकडे नंतर येते.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. तुमच्या वलांड्या (बोंबील टांगायच्या बांबू-दोऱ्यांच्या मांडण्या) किनाऱ्याला उघड्यावर आहेत की घरांच्या आडोशाला, मासळी घरच्या होडीची की बंदरावरून लिलावात घेतलेली, मालाला किनाऱ्यावर यायला किती तास लागतात, यावर खालच्या आकड्यांत फरक पडेल. पण विचार करायची पद्धत तीच राहील.

पाण्याचा हिशोब

ओल्या बोंबलात साधारण ८८ टक्के पाणी असतं. आपल्या किनाऱ्यावरच्या मासळीत इतकं पाणचट मांस क्वचितच दुसऱ्या कुणाचं. म्हणजे १०० किलो ओल्या बोंबलात खरा ऐवज १२ किलोच. तो १५ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवला तर वजन साधारण १४ किलो भरतं. २५ टक्क्यांवर काढला तर १६ किलो. या दोन किलोंच्या फरकातच तुमची सगळी तक्रार आहे. वलांडीवरून एक दिवस आधी काढलेला माल जास्त भरतो, हाताला बराही लागतो आणि थंडीत कोरड्या हवेत टिकतोही. जून लागला की तोच माल बुरशी धरतो.

कारण सुकी मासळी हवेशी सतत देवाणघेवाण करत असते. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की ती ओल ओढायला लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८५ च्या वर कित्येक दिवस राहते. मुळात १५ टक्क्यांवर असलेल्या मालाला वर चढायला थोडी जागा असते. २५ वर असलेला माल आधीच काठावर बसलेला असतो.

मग १५ टक्के ओळखायचे कसे? हाताचा अंदाज हवाच, पण गटात अकरा जणींचे हात अकरा प्रकारचे. म्हणून खुणेची माळ ठेवा. ज्या दिवशी बोंबील टांगाल त्या दिवशी त्यातलेच सर्वसाधारण आकाराचे ५ किलो मोजून वेगळ्या रंगाच्या दोरीवर टांगा. जागा वलांडीच्या मधली घ्या, टोकाची नको; टोकाचा माल लवकर सुकतो आणि फसवतो. तिसऱ्या दिवसापासून रोज दुपारी तीनच्या सुमारास ती माळ उतरवून वजन करा. ५ किलोचे ८०० ग्रॅम झाले तर माल अजून २५ टक्क्यांवर आहे. ७५० वर २० टक्के. ७०० च्या आसपास आला की काढायला हरकत नाही. वहीत तारीख, वजन आणि वारा कसा होता एवढं लिहून ठेवा. मोसम आणि मासळीच्या आकाराप्रमाणे मुळातलं पाणी थोडं कमीजास्त असतं, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ नाही. म्हणून एक दुसरी खूणही बघा: सकाळी आणि संध्याकाळी वजन केलं आणि दिवसभरात फारसं घटलं नाही, तर आता उन्हात ठेवून फायदा नाही.

वजनासोबत हाताची परीक्षा. शेपटीकडचा भाग वाकवून बघू नका, तो सगळ्यात आधी कडक होतो. कल्ल्यामागची मान आणि कण्याला लागून असलेलं मांस नखाने दाबा. तिथे नख रुतलं किंवा बोटाला चिकट लागलं तर माल कच्चा. तयार बोंबील मानेपाशी वाकवला तर वाकत नाही, मोडतो.

मोसमात एकदा तरी नमुना प्रयोगशाळेत देऊन ओलावा मोजून घ्या. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे आणि वाशीत केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचं संशोधन केंद्र आहे. नमुना कुठे द्यायचा ते तिथे विचारता येईल. तुमच्या खुणेच्या माळेचं वजन आणि प्रयोगशाळेचा आकडा शेजारी ठेवला की पुढच्या वर्षी तुमच्या वलांडीसाठी नेमका आकडा तुमच्या हातात असेल.

टांगण्यापूर्वीचे चार तास

चांगला सुका माल वाईट ओल्या मालातून निघत नाही. डोळीतून, म्हणजे डोल जाळ्यातून आलेले बोंबील मऊ असतात, एकमेकांखाली दबले की पोट फुटतं आणि पाणी सुटतं. होडीवर बर्फ नसेल तर निदान खोल टोपात रचू नका, उथळ क्रेट वापरा. बर्फ असेल तर मासळीइतक्याच वजनाचा लागतो, वरवर शिंपडलेल्या मूठभर बर्फाने काही होत नाही. किनाऱ्यावर आल्यावर सावलीत ठेवा, ताडपत्रीवर ढीग करून उन्हात सोडू नका.

धुवायला खाडीचं किंवा बंदराच्या कडेचं पाणी वापरू नये. त्यात डिझेलचा तवंग असतो, सांडपाणी असतं, आणि सुकताना वास बोंबलात बसतो तो जात नाही. बोरिंगचं किंवा नळाचं पाणी वापरा. धुतानाच आकार निवडून घ्या. हे काम बहुतेक ठिकाणी सुकल्यानंतर केलं जातं आणि तिथेच तोटा होतो: मोठा आणि बारीक बोंबील एकाच दोरीवर असले की बारीक सुकून ठिसूळ होतो तेव्हा मोठा कच्चा असतो. एका दोरीवर एकच आकार ठेवला तर दोरीच्या दोरी एकाच दिवशी उतरवता येते. मोठे एका वलांडीवर, मध्यम दुसऱ्यावर. अकरा जणींत हे काम तासाभराचं आहे आणि यातून व्यापाऱ्याच्या एकाच दरालाही उत्तर मिळतं.

टांगणं तुम्हाला मी शिकवायला नको: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची. फक्त दोन जोड्यांत दोन बोटांचं अंतर हवं. घाईत जोड्या सरकवून जवळ आणल्या जातात, अंगाला अंग चिकटतं आणि त्या पट्टीत माल ओला राहतो, पिवळा पडतो. सगळ्यात खालची दोरी कमरेच्या वर ठेवा. त्याखाली वाळू उडते, कुत्री पोचतात आणि जमिनीची ओल लागते. दोऱ्या वाऱ्याला आडव्या हव्यात, म्हणजे वारा माशांच्या रांगेतून आरपार जाईल. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा कोरडा असतो आणि बोंबील खरा त्यावर सुकतो, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर नाही. त्यामुळे सकाळी सहा ते अकरा या वेळात वलांडीला आडोसा असता कामा नये. वरून जुनं जाळं टाका, कावळे-घारींचा त्रास कमी होतो. चांगल्या वाऱ्यात तीन-चार दिवस, हवा दमट असेल तर पाच-सहा.

माश्यांचा हल्ला पहिल्या दिवशीच होतो, कारण त्यांना ओलं मांस लागतं. त्या कल्ल्यात, तोंडात आणि फुटलेल्या पोटात अंडी घालतात आणि दिवसभरात त्यातून अळ्या निघतात. बोंबील वरून सुकला तरी अळ्या आत मानेत खात राहतात. बोंबील टांगण्यापूर्वी १० टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्याला १ किलो मीठ, दहा-पंधरा मिनिटं बुडवले तर माश्या कमी बसतात आणि रंगही पांढरा राहतो. पण आपल्या गिऱ्हाइकाला बिनमिठाचाच बोंबील हवा असतो, हे विसरू नका. मिठाचं पाणी वापरलं तर ते पाकिटावर लिहा, नाहीतर त्याचं कालवण खारट होईल आणि दोष तुमच्यावर येईल. दुसरा आणि मला जास्त पटणारा उपाय स्वच्छतेचा: वलांडीखालचं मासळीचं पाणी, पडलेली डोकी, आतडी रोज उचलून पुरून टाका. माश्या तिथे वाढतात. आणि काही जण माश्यांवर जे पावडर-फवारे मारतात, ते कधीही नको. ते विष आहे, ते धुवून जात नाही, आणि खाण्याच्या मालावर असं औषध मारणं कायद्यानेही चालत नाही.

जवळा

जवळ्यात पाणी ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणून उतारा बोंबलापेक्षा चांगला. १०० किलो ओल्यातून वाळू, कचरा, चुरा वजा जाता १८ ते २० किलो धरा. जवळ्यात खरा प्रश्न ओलाव्यापेक्षा वाळूचा आहे. घरी जवळा भाजून खाल्ला आणि दाताखाली कचकन खडा आला की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून जमीन नको, साधी ताडपत्रीही नको, कारण ताडपत्रीवर खालून हवा लागत नाही आणि वारा वाळू आणून टाकतोच. सिमेंटचा ओटा बरा. त्याहून बरी बांबूची माची, कमरेइतकी उंच, वर नायलॉनची बारीक जाळी ताणलेली. बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जाड थर करू नका आणि पहिले तीन-चार तास दर तासाला हलक्या हाताने परता. उन्ह आणि वारा दोन्ही असतील तर एका दिवसात होतो, नाहीतर दोन.

संध्याकाळी दव पडण्याआधी उचला. अर्धा सुकलेला जवळा ढीग करून झाकून ठेवला तर रात्रीत आतून गरम होतो, उबतो आणि सकाळी त्याला अमोनियाचा वास येतो. तो नंतर कितीही उन्हात टाकला तरी तसाच राहतो. अर्धा सुकलेला असेल तर पातळ पसरून, छपराखाली, हवेशीर ठेवा. पूर्ण सुकल्यावर आधी चाळा, मग सुपाने पाखडा. खाली निघालेला चुरा फेकू नका, कोंबडीखाद्यवाले तो घेतात. भावही तीन प्रतींत ठरवा: अख्खा आणि गुलाबीसर पांढरा, डोकी तुटलेला, आणि ज्यात बारीक मासळी मिसळलेली आहे तो.

उन्हाळ्याच्या बाबतीत एक इशारा. एप्रिल-मेच्या कडक उन्हात जाड मासळी वरून लवकर कडक होते आणि आतलं पाणी कोंडतं. बांगडा, मुशी यांत हे नेहमी दिसतं. अशा वेळी दुपारी बारा ते तीन सावलीत घ्या, रात्री थप्पी लावून वर वजन ठेवा म्हणजे आतली ओल बाहेर येईल, आणि सकाळी पुन्हा वाऱ्यावर टाका. बांगडा तुम्ही पुढे करणार असाल तर पाठीतून फाडून, कल्ले-आतडी काढून, धुवून, तीन-चार भाग मासळीला एक भाग जाडं मीठ लावून किमान एक दिवस मुरवावा लागतो. खारवलेल्या मालावर पुढे तांबूस चिकट डाग आले तर ते मिठावर जगणारे जीवाणू असतात आणि ते मिठातूनच येतात, एकदा वापरलेल्या मिठातून तर जास्तच. मीठ पुन्हा वापरू नका, पिंपं आणि फळ्या प्रत्येक खेपेनंतर धुवून उन्हात टाका.

साठवण आणि किडे

उन्हातून काढलेला माल लगेच गोणीत भरू नका. गरम माल बंद केला की आत घाम सुटतो. संध्याकाळी सावलीत गार होऊ द्या, पण दव लागण्याआधी भरा. गोणीच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी हवी, तोंड दोरीने आवळलेलं. गोण्या लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून निदान वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. जुन्या मालाच्या रिकाम्या गोण्या त्याच खोलीत ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सुक्या मासळीचे काळपट भुंगे आणि त्यांच्या केसाळ अळ्या त्या शिवणीत लपून राहतात आणि नवा माल आला की त्यावर चढतात. नवा माल येण्याआधी खोली रिकामी करा, भेगा बुजवा, चुना लावा, गोण्या कडक उन्हात उलट्या करून झटका.

शहरात माल पाठवण्याआधी किडे मारायची सोपी खात्रीशीर युक्ती म्हणजे डीप फ्रीझर. भरलेली आणि बंद केलेली पाकिटं उणे १८ अंशांवर चार-पाच दिवस ठेवा, अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आणि बाहेरून आलेला ओलावा पुसून मगच खोक्यात भरा. तुमच्या पैशात पहिली वस्तू कोणती घ्यावी असं विचाराल तर मी जुना पण चालू स्थितीतला फ्रीझर म्हणेन.

पाकीट

भाजीच्या पातळ पिशव्यांतून वासही बाहेर येतो आणि दमट हवाही आत जाते. पॉलिएस्टर आणि पॉलिथिन चिकटवलेली दुपदरी लॅमिनेट पिशवी घ्या आणि साध्या हातसीलरने दोनदा सील मारा. बोंबलाचं डोकं, शेपूट आणि पर काढून चार-पाच इंची तुकडे केले तर भोकं पडत नाहीत आणि शहरातल्या गिऱ्हाइकाचं कामही वाचतं. पण त्यात वजन जातं, ते किमतीत धरलं पाहिजे.

हिशोब नमुन्यादाखल मांडते, दर तुमच्याकडचे घाला. समजा १०० किलो ओला बोंबील ३० रुपयांनी घेतला: ३,००० रुपये. धुणं, निवडणं, टांगणं, उतरवणं यांची मजुरी ९००. वाहतूक आणि बर्फ ४००. बांबू, दोरी, जाळं यांची झीज १५०. एकूण ४,४५०. गळती धरून हातात १२.५ किलो सुका माल. त्यातला दीड किलो दुय्यम निघाला आणि २०० रुपयांनी गेला तर ३०० रुपये परत आले. राहिला ११ किलो, खर्च ४,१५०. डोकं-शेपूट काढताना पाचवा भाग गेला की ८.८ किलो. म्हणजे पाकिटात जाणारा माल तुम्हाला साधारण ४७२ रुपये किलोने पडला, २०० ग्रॅम ९४ रुपयांना. त्यावर पिशवी, लेबल, कुरिअर, परत आलेली पाकिटं आणि तुमचा नफा. कित्येक गट ४,४५० ला सरळ १२.५ ने भागून ३५६ रुपये किलो असा आकडा धरतात आणि शहरात माल विकूनही हातात काही का उरत नाही याचा विचार करत बसतात. आणि मजुरीचा आकडा वगळू नका. तुमच्याच गटातल्या बायकांनी काम केलं म्हणून ते फुकट होत नाही.

पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, किती काळ टिकेल, एमआरपी, गटाचं नाव-पत्ता, चौकोनातला तपकिरी त्रिकोण (मांसाहारी खूण), आणि 'मासळी आहे' ही ॲलर्जीची सूचना हवी. जवळ्याला कवचवर्गीय जीव आहे हे लिहावं लागतं. पाकीटबंद मालावरच्या जीएसटीचं सीएकडून आधी विचारून घ्या. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागणी येते, तिच्या मागे आत्ता लागू नका. १९९७ मध्ये युरोपीय संघाने आपल्या बोंबलाची आयात अडवली होती, ती माल मान्यताप्राप्त कारखान्यातून आलेला नव्हता म्हणून. निर्यातीला मान्यताप्राप्त केंद्रातूनच माल जावा लागतो आणि ते वेगळं काम आहे.

ड्रायर

ड्रायर वाईट नाही, पण तो वलांडीची जागा घेणार नाही. ट्रेवर चौरस मीटरला साधारण ५ किलो ओला माल धरला तर १०० किलोला २० चौरस मीटर ट्रे लागतात. डोळीचा चांगला दिवस आला की तुमच्याकडे याच्या कितीतरी पट माल असतो. ड्रायरचं खरं काम तीन ठिकाणी आहे: अवकाळी पाऊस आला तर अर्धा सुकलेला माल वाचवायला, सोडे किंवा कापलेल्या बोंबलासारख्या महाग मालाला, आणि पाकिटात भरण्याआधी शेवटचा ओलावा काढायला. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वेळी किनाऱ्यावर जो माल वलांडीवर भिजून गेला, त्याला ड्रायर असता तर थोडा आधार झाला असता. वापराल तेव्हा सुरुवातीला ४० ते ४५ अंश ठेवा आणि ५० च्या वर नेऊ नका. त्यापुढे मासळी सुकत नाही, शिजते आणि भुगा होते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवली होती. सध्या तुमच्या जिल्ह्यात काय चालू आहे ते मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. एक वर्ष खुणेच्या माळेची वही भरल्यावर तुम्हालाच कळेल की किती क्षमतेचा हवा.

व्यापारी आणि बाजाराचं गणित

ऑक्टोबर ते डिसेंबर माल भरपूर आणि भाव पडलेला. एप्रिल-मे आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडचा काळ. जून-जुलैची मासेमारी बंदी तोंडावर आलेली, घराघरांत पावसाळ्याची बेगमी चालू, मरोळच्या बाजारापासून गावच्या आठवडी बाजारापर्यंत सुक्या मासळीची उलाढाल सगळ्यात जास्त असते. गोव्यात याच वेळी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी. आखाडात मागणी पुन्हा उठते आणि श्रावण लागला की बसते, ती गणपती-नवरात्रापर्यंत. तुमची पुण्याची पाकिटं आगोटीतच विकली गेली, म्हणजे मागणीची वेळ बरोबर होती, मालाची तयारी कमी पडली.

सगळा माल आगोटीपर्यंत धरून ठेवा असं मी सांगणार नाही. घरं चालायला पैसा लागतो, पाच महिन्यांत वजनात घट येते, आणि उंदीर-किड्यांची जोखीम असते. माझा सल्ला असा की दुय्यम आणि बारीक माल डिसेंबरातच विकून टाका, मधला थोडा थोडा सोडा, आणि फक्त पहिल्या प्रतीचा, वजनाने खात्री केलेला माल मार्चनंतरसाठी ठेवा. ठेवलेल्या मालाला महिन्यातून एकदा सकाळचं उन्ह-वारा दाखवा.

उचल घेतली असेल तर व्यापाऱ्याशी भांडून काही निघणार नाही. उचलीच्या रकमेएवढाच माल त्याला द्यायचा असं आधी ठरवून घ्या, वजन तुमच्या काट्यावर करा, आणि त्याच्यासमोर तीन वेगळे ढीग ठेवा. प्रत्येक ढिगाचा दर वेगळा बोलायला लावा. ओलाव्यासाठी कटती मागितली तर वही पुढे करा आणि कुठल्याही गोणीतून बोंबील काढून मानेपाशी मोडून बघायला सांगा. कोरड्या मालावर ओलाव्याची कटती मागायला त्याच्याकडे कारण उरत नाही. तो नाहीच म्हणाला तर दुसरा व्यापारी बघा. निवडलेल्या, एकसारख्या मालाला गिऱ्हाईक मिळतं. जवळ्याच्या बाबतीत तर ईशान्येकडेही मोठी मागणी आहे, आसाममधलं जागीरोड हे तिकडचं सुक्या मासळीचं मोठं केंद्र. तिकडे तुम्ही थेट पोचणार नाही, पण तिकडे माल पाठवणारे व्यापारी मुंबईच्या घाऊक बाजारात भेटतात.

या मोसमासाठी क्रम असा ठेवा. सप्टेंबरात खोली आणि गोण्या साफ, दोऱ्या आणि वरचं जाळं तयार. ऑक्टोबरपासून आकार निवडून टांगणं आणि प्रत्येक खेपेला खुणेची माळ. जानेवारीत प्रयोगशाळेत नमुना. मार्चमध्ये शंभरेक पाकिटं भरा, फ्रीझरमधून काढा, पण विकू नका. त्यातली वीस घरात साध्या फडताळात ठेवून जुलैअखेर एकेक उघडून बघा. पुण्याच्या ज्या गिऱ्हाइकांची पाकिटं खराब निघाली त्यांना त्याच शंभरांतलं एकेक मोफत पाठवा आणि श्रावणाआधी फोन करून विचारा.